परदेशी विद्यापीठाला गोव्यातल्या बायकांवर प्रकल्प करायचाय, आपण काय मागायचं?

सांतइनेज_बाय

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, तेव्हा सांभाळून घ्या. मी पणजीजवळच्या एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवते. युरोपातल्या एका विद्यापीठाकडून मेल आलंय. त्यांना बायका आणि बदलती शहरं या विषयावर तीन देशांत मिळून संशोधन करायचंय, भारतातून गोवा घ्यायचाय आणि आम्ही त्यांचे 'लोकल पार्टनर' व्हावं म्हणतायत. मेल अगदी गोड आहे. पण सोबतचा मसुदा वाचला तर प्रश्नावली आधीच तयार, कुठल्या बायकांशी बोलायचं ते ठरलेलं, पेपर कोण लिहिणार तेही ठरलेलं, मग आमच्याकडे राहिलं काय तर ढीगभर मुलाखती घ्यायच्या, त्या टाईप करून इंग्रजीत करून पाठवायच्या आणि प्रिन्सिपलची सही आणायची. प्रश्नावलीत एक प्रश्न आहे, संध्याकाळनंतर मेट्रोतून एकटीने जाताना भीती वाटते का. आता इथे मेट्रो कुठून आणू, आमच्याकडे रात्री आठनंतर प्रायव्हेट बस मिळाली तरी बायका देवाला नारळ बोलतात.

प्रिन्सिपल खूष आहेत, नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, फायलीला आंतरराष्ट्रीय एमओयू (करार) मिळतो म्हणून. मलाही नाही म्हणायचं नाहीये, उलट करायचंच आहे, विषय आमच्या दारातला आहे. फक्त हमाली करून द्यायची आणि नाव दुसऱ्याचं हे नको. तर ज्यांनी असले प्रकल्प केलेत, किंवा ज्यांच्यावर केले गेलेत, त्यांनी सांगा, कशावर अडून बसायचं आणि काय सोडून द्यायचं?

पेडणे_एक्सप्रेस

ज्यांच्यावर केले गेलेत त्यातला मी. मोपाच्या विमानतळाचं २०२२ च्या डिसेंबरात उद्घाटन झालं, त्याच्या कितीतरी आधीपासून आमच्याकडे लॅपटॉपवाले येतायत. माझी आई सगळ्यांशी बोलते, काजूची झाडं गेली, म्हशी विकल्या, आता थोरला टॅक्सी चालवतो आणि सून रिसॉर्टमध्ये हाऊसकीपिंगला जाते, हे सगळं ती प्रत्येकाला पहिल्यापासून सांगते, वर चहा आणि शंकरपाळे. एकही माणूस परत येऊन 'हे बघ गे आवय, तुझ्याबद्दल हे लिहिलं' म्हणून दाखवून गेला नाही. माझं मत विचाराल तर सरळ नाही म्हणून सांगा.

नकाशेवाला

पेडणेकर, राग कळतो, पण यांनी नाही म्हटलं तर ते उद्या दुसरं कॉलेज धरतील, प्रश्नावली तीच राहील आणि मेट्रोपण तीच.

ताई, मी प्लॅनिंगमधला. आपला स्वतःचा प्रश्न घेऊन टेबलावर बसा, एवढंच माझं म्हणणं. तुमच्याकडे नसेल तर माझ्याकडे एक आहे, फुकट घेऊन जा. २०११ च्या जनगणनेत गोवा ६२ टक्के शहरी निघाला, देशातल्या सगळ्या राज्यांत वरचा नंबर. २००१ मध्ये हाच आकडा जेमतेम ५० होता. दहा वर्षांत एवढी शहरं बांधली कोणी? कोणीच नाही. यातली बरीचशी वाढ 'सेन्सस टाऊन'ची आहे, म्हणजे जनगणना म्हणते शहर आणि कारभार बघते पंचायत. कचरा, फूटपाथ, रस्त्यावरचे दिवे, सगळं गावाच्या बजेटमध्ये आणि समोर सात मजली सोसायटी.

आता गंमत इथे आहे. सेन्सस टाऊन ठरायला वस्ती किमान ५००० हवी, चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसं हवीत, आणि वर्षातले सहा महिने वा जास्त काम असलेल्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेर कामाला हवेत. पुरुषांपैकी, बरं का. गाव शहर झालं की नाही हे ठरवताना बाई काय करते हे कोणी विचारतच नाही. नवरा हॉटेलात शेफ, बायको आणि सासू मिळून अजून वायंगण, म्हणजे हिवाळी भातशेती, करतात, मळ्यात मिरची लावतात, कागदावर घर 'शहरी'. जिथे व्याख्येतच बाई नाही तिथे बाईवर शहरीकरणाचा 'परिणाम' कसला मोजतायत हे लोक? पुढची जनगणना २०२७ ची आहे. त्याआधी चारदोन सेन्सस टाऊन घेऊन बायकांचं काम धरून मोजलं तर नकाशा कसा बदलतो ते बघा. यासाठी परदेशी पैसा वापरला तर मला चालेल.

सांतइनेज_बाय

@नकाशेवाला हा निकष मी वर्गात शिकवते आणि पुरुष हा शब्द घाईघाईत वाचून पुढे जाते. उद्यापासून थांबेन. देव बरें करूं.

आबोली_मडगाव

मी बाजारात बसणाऱ्या बायकांबरोबर काम करते, संस्थेचं नाव इथे नको. प्रश्न कोणाचा हे ठीक आहे पण मला आधी वेळेचं बोलायचंय. सरकारच्या २०२४ च्या टाइम यूज सर्व्हेत घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाला २८९ मिनिटं त्या बिनपगारी कामात जातात आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांची ८८. त्या २८९ मिनिटांनंतर उरलेल्या वेळात ती धंदा करते आणि त्यातला दीड तास तुम्ही मुलाखतीला मागता, तोही धंद्याच्या टायमाला कारण संशोधकाला सकाळचं ऊन बरं पडतं. पैसे दिले तर 'डेटा बायस होतो' म्हणतात. मग विद्यापीठातल्या प्रोफेसरबाईंना पगार मिळतो तेव्हा बायस होत नाही का?

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात माझ्या ओळखीची एक मावशी बसते. तांबडी भाजी, वाल, कधी दोन नारळ, सीझनला मानकुराद. तिच्याकडे सोपोच्या, म्हणजे बाजारात बसायच्या कराच्या, पावत्यांचा गठ्ठा आहे, रबर लावून प्लॅस्टिकच्या पिशवीत, ती पिशवी बटव्यात आणि बटवा कमरेला. पाऊस आला की पहिला हात बटव्याकडे जातो, भाजीवर ताडपत्री त्यानंतर. कारण त्या जागेवर ती इतकी वर्षं बसते याला दुसरा कागद नाही. बाजाराची नवी इमारत होणार, ओटे वाटणार असं कोणी नुसतं म्हणालं तरी ती पिशवी बाहेर निघते. एकदा एक संशोधक मुलगी तिला विचारत होती, तुमचं सक्षमीकरण एक ते पाच मध्ये किती झालंय. मावशी म्हणाली, तीन लिही गो, मधलं बरं दिसतं.

तर ताई, अडून बसायचं असेल तर यावर बसा. बाईच्या वेळेचे पैसे बजेटमध्ये वेगळ्या ओळीत. आणि पावत्या, ओटे, जागा हे विषय प्रश्नावलीत नसतील तर तुमचं शहर कसलं.

भटकी_मुलगी

वाचतेय, मस्त धागा. व्हिएन्नाबद्दल कोणीच कसं बोललं नाही? तिथे ९० च्या दशकात पाहणी केली तेव्हा दिसलं की साधारण नऊ वर्षांनंतर मुली बागेत यायच्या बंद होतात, मुलगे मैदान अडवतात म्हणून. मग बागांची रचनाच बदलली, बसायच्या जागा, छोटे कोर्ट, जास्त वाटा वगैरे. आपल्याकडे प्रत्येक वाड्याला फुटबॉलचं मैदान आहे, संध्याकाळी तिथे मुली किती असतात बघा. त्या लोकांकडून शिकण्यासारखं पण आहे हो, सगळंच लुटायला येत नाहीत.

दस्तवाला_काका

मी सब-रजिस्ट्रार ऑफिसात नोकरी केलेला माणूस, आता निवृत्त. तुम्ही सगळे बाजार आणि मैदानं बघताय, मी तुम्हाला कपाटात काय आहे ते सांगतो.

गोव्यात शहर वाढतं म्हणजे काय होतं? शेत विकलं जातं, भाट (नारळी-काजूची बागायत) विकलं जातं, त्यावर बिल्डिंग येते. आणि आपल्याकडे १८६७ चा पोर्तुगीज सिव्हिल कोड १८७० पासून चालू आहे, त्यामुळे लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता सामाईक, अर्धी अर्धी. एकट्या नवऱ्याला जमीन विकता येत नाही, बायकोची सही लागतेच. बाकी देशात वडिलोपार्जित जमीन विकली तर बायकोला शेजारणीकडून कळतं. आपल्याकडे प्रत्येक विक्रीखतावर तिचं नाव, वय, धंदा आणि सही. 'धंदा' या रकान्यात बहुतेक ठिकाणी 'गृहिणी', ते सोडा.

आणि दुसरी बाजू बघा, एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे आपल्या गोव्याच्या सातबाऱ्यावर, बऱ्याच वेळा एकट्या नवऱ्याचंच नाव. म्हणजे जमीन असते तोवर ती कागदावर नाही आणि जमीन जायच्या दिवशी तिला गाडीत घालून आणतात. मी वर्षानुवर्षं बघितलंय. नवरा आणि एजंट कौंटरशी, ती बाकावर पर्स मांडीवर धरून. नाव पुकारलं की यायची, फोटो, अंगठा, सही. वाचलंत ना, असं विचारलं की नवऱ्याकडे बघायची. एक बाई मात्र लक्षात आहे, बार्देशातली. ती म्हणाली विहीर वगळा आणि विहिरीकडे जायची वाट ठेवा, नाहीतर मी सही करत नाही. एजंट तापला, नवरा गप्प. शेवटी जाऊन खत परत टाईप करून आणलं, वाट आणि विहीर वेगळी दाखवून, तेव्हा सही झाली.

किती सह्या बाकावर बसून झाल्या आणि किती विहिरीवाल्या, हे कोणी शोधलंय का? तुमच्या पाहुण्यांना हे विचारा.

नकाशेवाला

काका __/\__

हे प्लॅनिंगच्या कुठल्याच अहवालात येत नाही. आम्ही फक्त झोन बदलला की नाही तेवढं बघतो.

पेडणे_एक्सप्रेस

काका, आमच्या आजीने पण सही केलीय, तिला विचारलं तर म्हणते 'तो म्हणालो घाल, हांवें घाली'. सही असून उपयोग काय मग?

तेजूकाठ

मी म्हार्दोळची, सध्या लिस्बनला पीएचडी करते, म्हणजे मी सध्या 'त्या' बाजूला बसलेय, शिव्या घालायच्या तर घाला.

काकांच्या मुद्द्यात आंतरराष्ट्रीय प्रकल्प अख्खा बसलेला आहे, शोधायला बाहेर जायला नको. हा कोड फक्त गोव्यात नव्हता, पोर्तुगालच्या सगळ्या वसाहतींना लावला होता. पोर्तुगालने स्वतः १९६६ मध्ये नवा कोड केला, तो १९६७ पासून चालू झाला, आणि त्यात करार नसेल तर लग्नानंतर कमावलेलं तेवढंच सामाईक असं झालं. गोवा १९६१ मध्येच सुटला म्हणून आपल्याकडे जुनाच राहिला. मोझांबिक १९७५ पर्यंत त्यांच्याकडे होतं, त्यांनी पुढे २००४ मध्ये स्वतःचा कौटुंबिक कायदा केला. म्हणजे पणजी, मापुतो (मोझांबिकची राजधानी) आणि लिस्बन, मूळ एकच कायदा आणि तीन वेगळ्या वाटा, तिन्ही शहरं पसरतायत, आणि तिन्हीकडे घर-जमीन विकताना बाई कुठे उभी असते हा प्रश्न. तुमच्या मसुद्यात तिसरा देश कुठला आहे माहीत नाही पण मापुतोचं विद्यापीठ आत घ्या असा आग्रह धरा. दोन गरीब बाजू एकत्र बोलल्या की श्रीमंत बाजूला ऐकावं लागतं, हा माझा इथला अनुभव.

आणि प्रॅक्टिकल: मसुद्यात तुमच्या कॉलेजचं नाव कुठल्या रकान्यात आहे ते बघा. युरोपियन युनियनच्या होरायझन या संशोधन फंडात भारतातल्या संस्थेला आपोआप पैसे मिळत नाहीत. 'असोसिएटेड पार्टनर' लिहिलं असेल तर अर्थ सरळ आहे, काम तुमचं, पैसा शून्य. त्यांना सांगा की त्यांच्या बजेटमधून फील्डचा खर्च कुठल्या मार्गाने येणार ते आधी लेखी द्या. मध्येच पैसे थांबले तर काय तेही लिहून घ्या, कारण ब्रिटनने २०२१ मध्ये परदेशी मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ वरून ०.५ टक्क्यांवर आणली तेव्हा चालू असलेल्या संशोधन प्रकल्पांचे पैसे अर्ध्यावर कापले गेले, इकडच्या प्रोफेसरांच्या नोकऱ्या राहिल्या, तिकडच्या फील्डवर्कर मुली घरी.

आबोली_मडगाव

तेजूकाठ आणि काका, दस्तांचं छानच आहे पण थांबा जरा. दस्तात येते ती जमीनवाली बाई. झुआरीनगरात किंवा चिंबलला भाड्याच्या खोलीत राहणारी, कर्नाटकातून आलेली, सकाळी सेंट्रिंगच्या कामावर आणि दुपारी तीन घरची भांडी, तिची सही कुठल्या कपाटात आहे? ती बिल्डिंग तिने उभी केली. मासे विकणारी बाई, जिचा किनारा गेला पण किनाऱ्याचा सातबारा कधी तिच्या नावावर नव्हताच, ती? कागदाच्या मागे गेलात की परत भाटकाराचीच, म्हणजे जमीनदाराचीच, गोष्ट सांगाल, यावेळी भाटकारणीची एवढाच फरक.

दस्तवाला_काका

आबोलीताई, बरोबर बोललात, पण मी काय म्हणतो, मला जे कपाट माहीत आहे ते मी उघडून दिलं. तुमचं कपाट तुम्ही उघडा. आणि इथे सातबारा नाही हो, एक-चौदा.

आबोली_मडगाव

काका :) माहेर सिंधुदुर्गातलं, जीभ वळते तिकडे.

माझं कपाट म्हणजे त्या सोपोच्या पावत्या. खरंच सांगते, विक्रीखतं आणि सोपोच्या पावत्या शेजारी ठेवा. एका कागदावर बाई जागा सोडते, दुसऱ्यावर जागा धरून ठेवते. आणि पावत्यांना जोर आहे, फेरीवाल्यांच्या २०१४ च्या कायद्यात टाऊन व्हेंडिंग कमिटीवर (फेरीवाल्यांचं बघणारी शहर समिती) फेरीवाल्यांचे जे प्रतिनिधी असतात त्यात किमान एक तृतीयांश बायका हव्यात. कमिटीवर कोण आहे, बैठक कधी झाली, हे विचारायला मावशीला पीएचडी लागत नाही, सोबत लागते.

आणि पेडणे_एक्सप्रेस, काहीच होत नाही असं नाही रे. अहमदाबादची सेवा १९७२ ची, घरात बसून विड्या वळणाऱ्या, शिवणाऱ्या बायकांची संघटना. त्यांनी बाहेरच्या संशोधकांना हाताशी धरलं, आणि उलटं नाही हे महत्त्वाचं. १९९६ मध्ये घरबसल्या कामाबद्दल आयएलओचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा, १७७ नंबरचा करार झाला, १९९७ मध्ये विगो म्हणून जागतिक जाळं उभं राहिलं ज्यात संघटना आणि संशोधक एकत्र बसतात, आणि २००३ मध्ये कामगार आकडेवारीच्या जागतिक परिषदेने अनौपचारिक रोजगार मोजायची पद्धतच रुंद केली. भारताने त्या १७७ ला अजून मान्यता दिलेली नाही, ते दुखणं वेगळं. पण मोजणी बदलली ती विडी वळणाऱ्या बाईच्या प्रश्नामुळे.

हिशेबनीस

सगळे प्रेमाने बोलतायत, मी जरा थंड पाणी ओततो. एफसीआरए, परदेशी देणग्यांचा कायदा. २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी घेणारी संस्था ती रक्कम पुढे दुसऱ्या संस्थेला देऊ शकत नाही. म्हणजे कॉलेजकडे पैसे आले आणि त्यातून आबोलीताईंच्या संस्थेला वाटा, असा सरळ मार्ग बंद. आणि प्रशासकीय खर्चाला २० टक्क्यांची मर्यादा. मग काय करायचं, तर फील्डच्या बायकांना तुमच्याच प्रकल्पावर मानधनावर घ्या, नाव, काम, दर लिहून. ट्रस्टचं कॉलेज असेल तर नोंदणी आहे का, दिल्लीच्या स्टेट बँकेच्या शाखेत खातं आहे का हे एमओयूच्या आधी बघा. सही झाल्यावर मला फोन करणारे लोक मला आवडत नाहीत, फी मात्र आवडते. विद्यापीठामार्फत जाता येतं का तेही विचारा, आणि सरकारची स्पार्क योजना आहे २०१८ पासूनची, परदेशी विद्यापीठाबरोबर काम करायला, तिची पात्रता तपासा.

पेडणे_एक्सप्रेस

ठीक आहे, अगदी नाहीच म्हणा हे मागे घेतो. पण माझी एक अट घाला. जे काय लिहाल ते मराठी-कोंकणीतून गावात येऊन वाचून दाखवायचं, छापायच्या आधी. आणि कोणी म्हटलं हे माझ्याबद्दलचं काढा तर काढायचं. पीडीएफ पाठवतो म्हणू नका, आमच्याकडे पीडीएफ म्हणजे लग्नाची पत्रिका.

तेजूकाठ

@पेडणे_एक्सप्रेस तुझी अट जगात मान्य झालेली आहे बरं का. दक्षिण आफ्रिकेतल्या सान लोकांनी २०१७ मध्ये संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिता काढली, आदर, प्रामाणिकपणा, न्याय, काळजी असं सरळ लिहून, आणि आधी आमच्या परिषदेकडे या मग आमच्याकडे. २०१८ मध्ये गरीब देशांतल्या संशोधनासाठी एक जागतिक संहिता निघाली, युरोपियन कमिशन ती मानतं. ताई, त्या संहितेचं नाव मेलमध्ये घातलंत तर समोरचा प्रोफेसर खुर्चीत सरळ बसेल.

सांतइनेज_बाय

मंडळी, उत्तर द्यायला उशीर झाला, परीक्षेचे पेपर तपासायचे होते. तुमच्या सगळ्यांचं मिळून एक लांब मेल पाठवलं आणि मग व्हिडिओ कॉल झाला. थोडक्यात सांगते. मेट्रो गेली. प्रश्नावली बाजूला ठेवून आधी इथे येऊन बाजारात आणि दोन सेन्सस टाऊनमध्ये बसायचं, मग प्रश्न काढायचे, हे त्यांनी मानलं. मापुतो आवडलं, तिथल्या एका विभागाशी त्यांची ओळख निघाली. वाचून दाखवायची अट मानली, 'काढा म्हटलं तर काढायचं' यावर त्यांचे वकील बोलणार म्हणे. पेपरवर नावं दोन्हीकडची, आणि फील्डला जाणाऱ्या मुलींचीपण, याला आढेवेढे घेतले पण हो म्हणाले.

पैशाचं अडलंय. आम्ही असोसिएटेड पार्टनरच होतो, तेजूकाठ म्हणाली तसं. ते म्हणतात बघू. मी म्हटलं तुम्ही बघेपर्यंत प्रिन्सिपलची सही थांबलीय. प्रिन्सिपल माझ्यावर नाराज आहेत, नॅकची तारीख जवळ आलीय, पण विक्रीखतांचं ऐकून त्यांनाही रस वाटायला लागलाय, कारण त्यांच्या घरी पण एका भाटावरून भांडण चालू आहे.

आता मदत हवीय. काका, १९६१ च्या आधीचे दस्त पोर्तुगीजमध्ये आणि हाताने लिहिलेले असतात ना? आमच्या मुलींना ते कोण वाचून देणार?

दस्तवाला_काका

छापील पोर्तुगीज येतं तेवढ्याने भागत नाही, नोटरीचं अक्षर वेगळंच असतं, अर्धे शब्द तोडून लिहितात. पुराभिलेखातल्या जुन्या वहीची नक्कल मिळाली तर सुरुवातीची पानं मी वाचून देतो, साचा एकदा कळला की बाकीचं जमतं. मुलींना सांगा पहिल्यांदा 'सुआ मुल्येर' शोधा, म्हणजे 'त्याची बायको'. तिथून पुढे तिचं नाव आणि सही येते की अंगठा, ते लिहून घ्या. चष्मा आणि भिंग घेऊन या, माझं भिंग नातवाने मोडलंय.

तेजूकाठ

मी डिसेंबरात घरी येतेय. उरलेली पानं माझ्याकडे द्या. आणि ताई, 'बघू'ची वाट बघू नका, त्यांना तारीख द्या.